दूध बाधतं, दही चालतं: असं का होतं?

ग्लासभर दूध प्यायलं की तासा-दोन तासांत पोट गुरगुरायला लागतं, गुबारा धरतो, कधी कळ येऊन शौचालाच पळावं लागतं. त्याच माणसाला जेवणातलं वाटीभर दही मात्र काही करत नाही. अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. हल्ली त्यांना कुणीतरी प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी मानलेले जिवंत सूक्ष्मजीव, सुचवतं: केमिस्टकडची कॅप्सूल, पाण्यात घालायची पुडी नाहीतर फ्रीजमधली छोटी बाटली. त्यातलं काय उपयोगी पडतं आणि काय नाही, हे समजायचं तर आधी दुधातल्या साखरेचं पोटात काय होतं ते पाहायला हवं.

या साखरेचं नाव लॅक्टोज. गाईच्या 100 मिलीलीटर दुधात ती पावणेपाच ग्रॅमच्या आसपास असते, म्हशीच्या दुधात किंचित जास्त. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरा जोडून ती बनते, आणि जोडलेल्या रूपात ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात जात नाही. जोड तोडण्याचं काम लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम करतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, तिच्या पेशींवर हे विकर असतं. तान्ह्या बाळाकडे ते भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटल्यावर बहुतेक माणसांत ते हळूहळू कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे.

म्हणजे लॅक्टेज कमी होणं हा रोग नव्हे, माणसाची ही मूळची घडण आहे. मोठेपणीही ज्यांचं लॅक्टेज टिकतं त्यांच्यात एक जनुकीय बदल झालेला असतो. युरोपीय लोकांत सर्रास आढळणारा असा बदल फिनलंडमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिला. भारतातही तोच बदल आढळतो, वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं म्हणून दूध न सोसणाऱ्या पोराला ग्लास संपवायला लावणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यायला हवं. त्याचे नखरे नसतात, त्याचं पोट खरंच दुखत असतं.

न तुटलेलं लॅक्टोज पुढे सरकताना आतड्यात पाणी ओढून घेतं. त्यामुळे पोट ढवळतं आणि शौचाला पातळ होतं. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. यातला थोडा हायड्रोजन रक्तात शिरून फुप्फुसांवाटे श्वासात येतो. श्वासाची चाचणी याच गोष्टीवर उभी आहे. उपाशीपोटी ठरावीक लॅक्टोज पाण्यातून द्यायचं आणि दर काही मिनिटांनी नळीत फुंकायला लावायचं. हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दहा लाख भागांत 20 भागांनी वाढला, तर लॅक्टोज पचलेलं नाही असं धरतात.

प्रमाणाचा हिशोब मात्र बहुतेक जण करत नाहीत. लॅक्टेज कमी असलेल्यांतल्या बऱ्याच जणांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता सोसतं. गाईच्या दुधात मोजलं तर ते पाव लीटर झालं. चहात 50 मिलीलीटर दूध पडत असेल तर अडीच ग्रॅमही होत नाही. तेव्हा घोटभर चहानेच पोट बिघडत असेल, तर दोष दुसरीकडेच असण्याचा संभव जास्त.

आता दही. विरजताना जिवाणू दुधातल्या लॅक्टोजचा काही भाग, ढोबळमानाने पाव हिस्सा, खाऊन टाकतात. त्याचंच लॅक्टिक आम्ल होतं. पण तीन हिस्से शिल्लक असतातच. मग दही सोसतं कसं? 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लॅक्टेज कमी असलेल्यांना 18 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज एकदा दुधातून आणि एकदा योगर्टमधून, म्हणजे तिकडच्या दह्यातून, दिलं. साखर जवळपास तेवढीच, पण योगर्टनंतर श्वासातला हायड्रोजन दुधाच्या तुलनेत एक-तृतीयांशच भरला. संशोधकांनी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला द्रव काढून तपासला, तेव्हा खाल्ल्यावर तासाभराने त्यात लॅक्टोज तोडणारं विकर काम करताना आढळलं. ते विकर खाणाऱ्याचं नव्हतं, जिवाणूंचं होतं.

हे कसं घडतं ते सावकाश बघू. योगर्ट दोन जिवाणूंनी लागतं: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दोघांच्या पेशींमध्ये बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर असतं आणि ते आपल्या लॅक्टेजचंच काम करतं. नुसतं विकर जठरात पडलं असतं तर तिथल्या आम्लात निकामी झालं असतं. पण ते पेशीभित्तिकेच्या आत सुरक्षित असतं, शिवाय दह्याचा घट्टपणा आणि त्यातली प्रथिनं आम्लाची धार बोथट करतात. लहान आतड्यात आल्यावर आम्ल निवतं आणि पित्त येऊन मिसळतं. पित्तक्षारांनी या जिवाणूंचं आवरण झिरपू लागतं, विकर आणि लॅक्टोज यांची गाठ पडते आणि जोड तुटू लागते. दही घट्ट असल्यामुळे जठरातून सावकाश सुटतं, त्यामुळे विकराला वेळही मिळतो.

माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. प्रोबायोटिकच्या जाहिराती सांगतात की आमचा जिवाणू चिवट आहे, आम्लातून आणि पित्तातून जिवंत पार होतो. लॅक्टोजपुरता विचार केला तर हा चिवटपणा आडवा येऊ शकतो. लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलस हा पित्ताला दाद न देणारा जिवाणू. तो घातलेलं गोडं दूध अमेरिकेत विकलं जायचं, पण लॅक्टोज न पचणाऱ्यांना त्याचा भरवशाचा फायदा दिसला नाही. विकर होतं, पण पेशीतून बाहेरच येत नव्हतं. ध्वनिलहरींनी पेशी फोडून तेच दूध दिलं, तेव्हा ते अधिक पचलं. योगर्टचे दोघे जण आपल्या आतड्यात वस्ती करत नाहीत. योग्य जागी फुटतात, आणि म्हणूनच कामाला येतात.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रोबायोटिकचे बहुतेक दावे पुराव्याअभावी फेटाळले, पण योगर्टमधल्या जिवंत जिवाणूंमुळे लॅक्टोज अधिक चांगलं पचतं, हा एक दावा 2010 मध्ये मान्य केला. अट अशी की दर ग्रॅममध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत. म्हणजे 100 ग्रॅमच्या वाटीत 1000 कोटी. बाजारातल्या अनेक कॅप्सूलमध्ये 100 ते 500 कोटी असतात. वाटीभर चांगलं दही संख्येत कॅप्सूलला सहज मागे टाकतं.

घरच्या दह्याबद्दल थोडं सावध राहावं. आपल्या विरजणात बऱ्याचदा लॅक्टोकॉकस गटाचे जिवाणू असतात. त्यांच्यातले पुष्कळ जण लॅक्टोज आत ओढतानाच त्याला फॉस्फेट जोडतात आणि त्या जोडलेल्या रूपालाच तोडणारं विकर वापरतात. ते विकर आपल्या आतड्यात सांडलं तरी साध्या लॅक्टोजला त्याचा उपयोग नाही. कुणाच्या विरजणात कोण किती, हे घराघरात वेगळं असतं. म्हणून एका घरचं दही चाललं आणि दुसरीकडचं बाधलं, तर त्यात नवल नाही. तापवलेल्या दह्याचाही हिशोब बदलतो. कढी उकळली की जिवाणू मरतात आणि विकरही जातं. तरी ताक पाणी घालून पातळ केलेलं असल्याने तिच्यात लॅक्टोज मुळातच कमी असतं. चक्का टांगताना बरंचसं लॅक्टोज पाण्याबरोबर निथळून जातं, पनीरचंही तसंच. तुपात ते जवळजवळ नसतंच. खव्यात आणि दुधाच्या पावडरीत मात्र ते आटून एकवटतं, तेव्हा पेढे-बासुंदीला जपून.

आता कॅप्सूल. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम यांच्या काही ठरावीक वाणांनी छोट्या चाचण्यांत त्रास कमी केल्याचं दिसलं आहे, काहींत फरक पडलेला नाही. फायदा त्या त्या वाणाचा असतो, म्हणून लेबलवर जातीच्या नावापुढे वाणाचा क्रमांक छापलेला नसेल तर ते पाकीट घेऊ नये. जुलाबांवर आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या सॅकॅरोमायसिस बुलार्डीच्या पुड्यांची इथे अपेक्षा धरू नये. ते यीस्ट आहे आणि यीस्टच्या या जातीला लॅक्टोज तोडताच येत नाही. कुठलंही प्रोबायोटिक तुमचं स्वतःचं लॅक्टेज परत आणत नाही, हेही विसरू नये.

मोठ्या आतड्यातली वस्ती मात्र बदलू शकते. रोज थोडं थोडं लॅक्टोज मिळत राहिलं की तिथे ते कमी वायू करून पचवणारे जिवाणू वाढतात, आणि काही दिवसांत श्वासातला हायड्रोजन उतरतो. दूध पूर्ण तोडणाऱ्यांना पुढे थोडंसंही सोसेनासं होतं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

करून पाहायचं असेल तर आधी दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम बंद ठेवा आणि पोट शांत होतं का ते बघा. झालं तर जेवणाबरोबर अर्धी वाटी ताजं, न तापवलेलं दही सुरू करा. चार-पाच दिवसांनी वाटीभर करा. मग जेवणासोबतच अर्धा कप दूध. उपाशीपोटी नको, कारण अन्नाबरोबर ते सावकाश पुढे जातं. काय खाल्लं आणि काय झालं, ते वहीत टिपा. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर दह्याची सवय बसल्यावर, एका वेळी एकच आणि महिनाभर. फरक नसेल तर बंद करा. लग्नाकार्यात बासुंदी खायचीच असेल, तर पहिल्या घासाबरोबर घ्यायची लॅक्टेजची गोळी अधिक भरवशाची. दूध फारच कमी झालं तर नाचणी, तीळ, काटेरी छोटी मासळी यांतून कॅल्शियम भरून काढा.

जुलाबाच्या आजारानंतर लहान मुलांना काही आठवडे दूध न पचणं सामान्य आहे, आतडं सावरलं की ते बहुधा जातं. दुधाची अॅलर्जी वेगळी. तिच्यात अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. तिथे दही, ताक काहीच देऊ नये. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आईवडिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिकला हात लावू नये. शौचातून रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, कारण नसताना उतरणारं वजन किंवा न हटणारा अशक्तपणा असेल, तर घरचे प्रयोग थांबवा आणि आधी तपासणी करून घ्या.