टेंभ्याच्या उजेडासाठी

ठाण्याच्या कोपरीहून भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हार गाठता येतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत हा मुलूख आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. तरी बोहाडा पाहिलेला माणूस आमच्याकडे क्वचितच भेटतो, याची मला खंत वाटते.

जव्हार-मोखाड्याकडच्या कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळ्यांच्या गावांत होळीनंतर संबळाच्या तालावर रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात, तोच बोहाडा. आधी गणपती येतो आणि सगळ्यात शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे असतो.

तिथल्या एका पडवीत नरसिंहाचा मुखवटा घडताना पाहिला. मातीच्या चेहऱ्यावर कागदाचा पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवून लावायचा. त्याला खळ लावली तर वाळल्यावर मुखवटा मातीपासून सुटत नाही. पुढचे थर मेथीचं पीठ घातलेल्या खळीतले. कागद कात्रीने कापत नाहीत, हाताने फाडतात. फाटलेली कड पातळ होते, जोड बोटालाही लागत नाही. भुवया आणि गाल मात्र लगद्याने चांगले जाड उठवलेले. रंगवायच्या आधी कारागिराने मुखवटा एका पोराच्या तोंडावर धरला आणि बुबुळांखालची फट जराशी रुंद केली. नाचणारा त्या फटीतूनच बघतो, रंगवलेले डोळे बघणाऱ्यांसाठी.

दिवसा तो चेहरा मला भडक वाटला होता. रात्री टेंभा खालून, बाजूने हलत होता, सोंग पुढे येत होतं, मागे सरत होतं, आणि जाड भुवईची सावली कपाळावर चढली की नरसिंह खवळायचा, उतरली की निवायचा. हॅलोजनच्या सरळ झोतात हे होत नाही. सावलीच पडत नाही. त्या भुवयांची जाडी टेंभ्याच्या हिशोबाने ठेवलेली असते.

जपानच्या राजदरबारातल्या बुगाकु नृत्यातही मुखवटा हालचालीसाठीच घडवतात. र्‍यो-ओ या नृत्याच्या लाकडी मुखवट्याची हनुवटी वेगळी करून दोरीने लोंबती ठेवलेली असते, पावलागणिक ती हलते. जपानच्या मुखवटा-नृत्यांशी आपलं जुनं नातं आहे. बोधिसेन हा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे त्याच्या हातून रेखले गेले. त्या सोहळ्यात गिगाकु हे मुखवट्यांचं नृत्य झालं. गिगाकुच्या पात्रांत आपला गरुडही आहे, चोचीसकट.

जव्हारकडच्या त्या पडवीत भिंतीवर लावायचे छोटे मुखवटेही वाळत होते. शहरातून मागणी असते, त्यावर घर चालतं, त्यामुळे ते करू नयेत असं मी म्हणणार नाही. पण त्यांना बुबुळांखाली फट नव्हती. घ्यायचाच असेल तर नाचायच्या मापाचा, फट असलेला मागून घ्यावा, आणि त्याआधी एक रात्र बोहाड्यात टेंभेवाल्याच्या बाजूला उभं राहावं.