पाहुण्याची खोली आणि भाडेकरूचे घर

नागपूरकरांना पिण्याचे पाणी पुरविणारा नवेगाव खैरीचा जलाशय पारशिवनी तालुक्यात आहे. याच तालुक्यातील कोलितमारा प्रवेशद्वारातून पर्यटक पेंच व्याघ्र प्रकल्पात जातात. शेजारच्या रामटेकला श्री शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू वेगळेच. अशा परिसरात एखाद्या कुटुंबाने घरातील रिकामी खोली पाहुण्यांना दिवसावर दिली, तर त्यात वावगे काही नाही. प्रश्न उभा राहतो तो शहरातील संपूर्ण घरेच अशी दिली जाऊ लागली म्हणजे.

हिशेब साधा आहे. समजा, नागपुरातील एका फ्लॅटला महिना १५ हजार रुपये भाडे येते. तोच फ्लॅट दिवसाला दोन हजारांनी दिला, तर आठ दिवसांत भाडे वसूल होते. साफसफाई, वीज आणि आरक्षण करणाऱ्या कंपनीचे कमिशन वजा जाता उरलेल्या दिवसांत जे मिळेल, तो लाभ. मालकाला हे सोयीचे वाटते. परंतु पारशिवनीसारख्या गावातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात गेलेल्या मुलांना मिळू शकणारे एक घर त्यामुळे कमी होते.

परदेशांत यावर कठोर कायदे झाले. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी घरमालकाची नोंदणी सक्तीची केली. पाहुणे दोनच असावेत आणि मालकाने त्याच घरात राहावे, अशा अटी घातल्या. परिणामी अशा घरांच्या जाहिराती झपाट्याने घटल्या. भाडी मात्र उतरली नाहीत. त्याच वर्षीच्या पाहणीत शहरातील भाड्याच्या घरांपैकी जेमतेम १.४ टक्के घरे रिकामी आढळली होती. मूळ टंचाईच एवढी असेल, तर एका कायद्याने ती कशी भरून निघणार? बार्सिलोना शहराने तर सुमारे दहा हजार पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपविण्याचे जाहीर केले आहे.

आपल्याकडे गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली अशी घरे नोंदवावी लागतात. नोंदणीमुळे सुरक्षितता व करवसुली साधते. किती घरे पर्यटकांकडे वळावीत, यावर मर्यादा येत नाही. त्या मानाने केंद्र सरकारच्या निवास व न्याहारी योजनेतील अट अधिक नेमकी आहे. मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे आणि खोल्या सहापेक्षा अधिक नसाव्यात. पाहुणा आला तरी घर घरच राहते. पारशिवनीतील कुटुंबाला हीच वाट योग्य ठरेल. परिग्रह-परिमाण व्रताच्या अतिचारांत क्षेत्र-वास्तूचा उल्लेख प्रथम येतो, हे येथे सहज आठवते.

तथापि सगळा दोष पर्यटकांच्या माथी मारणे न्याय्य नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे एक कोटी दहा लाख घरे रिकामी आढळली होती. त्या वेळी दिवसावर घर देण्याची पद्धत आपल्याकडे नावापुरतीच होती. घर कुलूपबंद ठेवण्यामागे एक जुनी भीती असते: भाडेकरू घर सोडणार नाही! दिवसाचा पाहुणा आवडतो तोही याच कारणाने.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने ही भीती बरीच दूर केली आहे. कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा न सोडणाऱ्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ताबा मिळविण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची असून, त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गृहनिर्माण संस्थेलाही फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क आकारता येत नाही.