गारवा, हुडहुडी आणि औषधं

बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू झालं, पण रुग्ण शुद्धीवर आला नाही, तर अतिदक्षता विभागात काही वेळा त्याचं शरीर मुद्दाम गार केलं जातं, ३३ ते ३६ अंश सेल्सिअसपर्यंत. तापमान उतरलं की मेंदूला प्राणवायू कमी लागतो. २००२च्या दोन चाचण्यांनी हा उपचार रूढ केला. २०२१च्या मोठ्या चाचणीत ३३ अंशांचा जादा फायदा दिसला नाही, त्यामुळे आता अनेक ठिकाणी नुसता ताप येऊ न देण्यावर भर असतो. हुडहुडीशी मात्र दोन्हीकडे गाठ पडते.

शरीराचं तापमान सांभाळतो मेंदूतला हायपोथॅलॅमस. आतलं तापमान साधारण ३६.५ला आलं की तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतो, ३५.५च्या आसपास स्नायूंना थरथरायला लावतो. या थरथरीत प्राणवायूचा खर्च दुपटीच्याही वर जातो, म्हणजे मेंदूसाठी वाचवलेलं स्नायूच खाऊन टाकतात.

म्हणून परिचारिका मान, छाती, जबडा हातानं चाचपत राहते. बारीक कंप डोळ्यांना दिसत नाही. सुरुवात पॅरासिटामॉलनं होते, जोडीला अंगावर गरम हवेचं पांघरूण. गार करायच्या माणसाला ऊब कशाला, असं नातेवाइकांना वाटणारच, आणि ते त्यांना आधीच समजावून सांगायला हवं. हायपोथॅलॅमसला थंडीची सुमारे पंचमांश खबर त्वचेकडून मिळते. त्वचा चार अंशांनी उबदार ठेवली, तर आतला एक अंश उतार तो खपवून घेतो.

एवढ्यानं भागलं नाही तर शिरेतून मॅग्नेशियम आणि पोटात घातलेल्या नळीवाटे बस्पिरोन, हे एरवी चिंतेवर दिलं जाणारं औषध. वेदनाशामक पेथिडीन हुडहुडीचा उंबरठा खाली आणण्यात अफूसारख्या इतर औषधांपेक्षा सरस आहे. बस्पिरोनसोबत त्याची मात्रा कमी पुरते, हे मोलाचं, कारण मूत्रपिंड थकलेलं असेल तर पेथिडीनचे अवशेष साचून झटके येऊ शकतात. गुंगी आणणारं डेक्समेडेटोमिडीनही उपयोगी, पण नाडी मंदावते. तसंच प्रोपोफॉल, पण त्यानं रक्तदाब उतरतो.

स्नायू शिथिल करणारं औषध शेवटी. त्यानं थरथर हमखास थांबते, पण हायपोथॅलॅमसची धडपड चालूच राहते आणि अपस्माराचा झटका आला तरी अंगावर दिसत नाही. म्हणून हे औषध गाढ गुंगीशिवाय देऊ नये, आणि शक्य तिथे ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, चालू ठेवावा.

पुन्हा ऊब देताना तापमान तासाला साधारण पाव अंशानं चढवतात. तेव्हा ३५ अंशांच्या आसपासचा तोच टप्पा परत लागतो, म्हणून हुडहुडीवरची औषधं लगेच काढून घेत नाहीत.