लवकर येणारा गैरहजर



मी शाळा शिकलो सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. अशा माणसाने संगणकाच्या प्रोग्राममध्ये तारीख आणि वेळ कशी घालावी यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण पगाराच्या पावतीनेच हा विषय माझ्या गळ्यात घातला.

घडले ते असे. एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, हजेरीसाठी बोट ठेवण्याचे यंत्र आले. पहिली पाळी सकाळी सहाची. महिनाअखेर सात-आठ कामगारांना दोन-दोन, तीन-तीन खाडे लागले. सगळे एकाच गावाकडचे, साडेपाचच्या सुमारास पोचणाऱ्या एस.टी.ने येणारे. मुकादमाने सूड उगवला, असे जो तो म्हणू लागला. मी म्हटले, आधी वही घालू. महिनाभर प्रत्येकाने बोट ठेवल्याची वेळ टिपली. साडेपाचच्या आधी बोट ठेवले की खाडा; गाडी उशिरा आली की हजेरी बरोबर! लवकर येणाराच गैरहजर ठरत होता.

एका कामगाराची मुलगी प्रोग्राम लिहिण्याचे काम करते. तिने उलगडा केला. पुष्कळ संगणक वेळ एका आकड्यात साठवतात: १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले तो आकडा. ही मध्यरात्र कोठली? तर जागतिक प्रमाणवेळेची, म्हणजे व्यवहारात ग्रिनिचची. आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. तेथे रात्रीचे बारा, तेव्हा येथे पहाटेचे साडेपाच. आमच्या यंत्राच्या प्रोग्रामने दिवस कापला तो तेथल्या मध्यरात्री. त्यामुळे पाच-पंचवीसचे येणे कालच्या तारखेत पडले आणि दुपारचे जाणे आजच्या. आजचा दिवस भरलाच नाही. मुकादम बिचारा निर्दोष होता.

घड्याळावरून मजुरीचा तंटा आपल्याकडे जुना आहे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात प्रमाणवेळ आली. मुंबईच्या स्थानिक वेळेहून ती ३९ मिनिटे पुढे. घड्याळ पुढे सरकले, म्हणजे मजुराला तेवढे आधी उठणे आले. त्याच महिन्यात मुंबईलगतच्या गिरणीकामगारांनी कामावर जाण्याचे नाकारले, दगडफेकही झाली. ते घड्याळ निदान भिंतीवर दिसत होते. आजचे घड्याळ प्रोग्रामच्या एका ओळीत दडलेले असते. म्हणून ती ओळ कशी लिहावी, हे तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा क्रमाचा. ०१/०५ हे आपण १ मे असे वाचतो, अमेरिकेतला मनुष्य ५ जानेवारी असे वाचतो. यावर १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले. आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२४-०५-०१ यातून दुसरा अर्थ निघत नाही.

दुसरा मुद्दा मोजणीचा. जावास्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रामच्या भाषेत तारीख घडवताना महिने शून्यापासून मोजतात आणि दिवस मात्र एकपासून. तिला २०२४, ५, १ असे आकडे दिले की ती १ जून धरते. ३१ मे मनात धरून २०२४, ५, ३१ दिले, तर जूनला ३१ दिवस नसतात असे ती सांगत नाही. मुकाट्याने १ जुलै करून मोकळी होते. यंत्र तक्रार करीत नाही याचा अर्थ हिशेब बरोबर आहे, असा नव्हे.

तिसरा मुद्दा ठिकाणाचा. याच भाषेला नुसते २०२४-०५-०१ असे लिहून दिले, तर ती ग्रिनिचची मध्यरात्र धरते. म्हणून तारखेपुढे वेळ लिहावी, ०६:००:००, आणि शेवटी +०५:३० हे शेपूट जोडावे. मग हे सकाळचे सहा भारतातले, यात शंका उरत नाही.

एवढ्यानेही काम भागत नाही. रात्री दहाला कामावर चढलेला माणूस सकाळी सहाला उतरतो. त्याचे तास कोणत्या दिवसाचे? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५७ व्या कलमाने सांगितले होते की मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरावेत. घड्याळाची तारीख बाराला बदलते. कामाचा दिवस कोठे संपतो, हे मात्र माणसे ठरवतात. ते कोणी लिहून दिल्यावाचून यंत्राला कळत नाही.

आमची वही समोर ठेवल्यावर ओळ दुरुस्त झाली आणि कापलेले पैसे परत मिळाले. तेव्हापासून हजेरीचे यंत्र येणार असे ऐकले की मी आधी एवढेच विचारतो: दिवस किती वाजता सुरू होतो आणि कोठल्या घड्याळाने? याचे उत्तर कागदावर घेतो. आपणही घ्यावे, एवढी विनंती करून मी रजा घेतो.