पोल पोझिशन मिळाली, जागा गेली

साओ पावलोचा इंटरलागोस ट्रॅक, नोव्हेंबर २०१०. पाऊस थांबलाय, ट्रॅक वाळतोय. फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्स संघाचा २३ वर्षांचा निको हुल्केनबर्ग स्लिक टायर लावून पात्रता फेरीत उतरतो. ती फेरी मी आजही पुन्हा पुन्हा पाहतो. ओले पट्टे चुकवत वाळलेल्या पट्टीवरच तो चाकं टेकवत जातो. वेळ १ मिनिट १४.४७० सेकंद. दुसरा आलेला सेबॅस्टियन वेटेल सेकंदाहून जास्त मागे! जिथे शतांशावर क्रमांक ठरतात, तिथे हे अंतर प्रचंड.

आणि त्याच महिन्यात विल्यम्सने त्याला मोकळं केलं.

संघाचा मोठा प्रायोजक, आरबीएस बँक, निघून चालली होती. नव्याने आलेल्या पास्तोर माल्दोनादोच्या पाठीशी व्हेनेझुएलाची सरकारी तेल कंपनी पीडीव्हीएसए होती. बक्षिसाची रक्कम हंगामातल्या क्रमांकावर ठरते आणि हाती पडते पुढच्या वर्षी. नवे पंख आणि पगार यांचे पैसे मात्र आज लागतात. छोट्या संघाची कोंडी इथेच होते, आणि ती खरी असते. शिवाय माल्दोनादो काही नुसता पैसेवाला नव्हता. त्याच वर्षीचा जीपी-टू मालिकेचा विजेता होता.

पुढे काय झालं? २०११मध्ये माल्दोनादोला अख्ख्या हंगामात १ गुण. २०१२च्या मे महिन्यात बार्सिलोनात मात्र त्याने फर्नांडो अलोन्सोला शेवटपर्यंत मागे ठेवून शर्यत जिंकली. विल्यम्सचा २००४नंतरचा पहिला विजय! तो कोणत्याही चेकने विकत घेता आला नसता. पण त्यानंतर सलग नऊ शर्यतींत एकही गुण नाही. व्हॅलेन्सियात शर्यत संपता संपता तो तिसऱ्या जागेसाठी लुईस हॅमिल्टनवर जाऊन आदळला. हातातले गुण गेले, वर २० सेकंदांची शिक्षा. त्या हंगामात त्याचे ४५ गुण झाले. फोर्स इंडियात गेलेल्या हुल्केनबर्गचे ६३. गाड्या वेगळ्या होत्या, हे मान्य. तरी रविवारी गाडी शाबूत आणून गुण गोळा करणं हीसुद्धा गुणवत्ताच, आणि तिचेही पैसे होतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: प्रायोजक आणणाऱ्याला जरूर घ्या, पण हाती असलेला सिद्ध ड्रायव्हर सोडून नव्हे.

हुल्केनबर्ग पहिल्यांदा पोडियमवर उभा राहिला तो जुलै २०२५मध्ये, सिल्व्हरस्टोनला. वय ३७, शर्यत २३९वी.