पिलू घरात, जानमाजही पाक: मांजराच्या पिलांना ट्रेची सवय कशी लावावी?

पावसाळा जवळ आला की पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत आणि सोसायट्यांच्या जिन्याखाली मांजरी पिल्ले घालतात. त्यातली एक-दोन मुलांच्या हट्टाने घरात येतात. चार दिवस सगळे लाड करतात. मग एके सकाळी पिलू गोधडीवर, नाहीतर थेट जानमाजवर लघवी करते आणि घरातले मोठे म्हणतात, "इथं नमाज कशी पढायची? सोडून या त्याला मार्केट यार्डात." वर्गातली मुले हे आम्हाला रडवेली होऊन सांगतात. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहीत आहोत. योग्य पद्धत ठेवली तर बहुतेक पिले एक-दोन आठवड्यांत शिकतात.

आधी पाकी-नापाकीचा मुद्दा

हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या भांड्यातून मांजरीला पाणी पिऊ दिले. त्यांच्या सूनबाईंना नवल वाटले, तेव्हा त्यांनी प्रेषितांचा (स.) हवाला देऊन सांगितले की मांजर नापाक नाही, ती आपल्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. मात्र मांजरीची लघवी आणि विष्ठा नापाक आहे. म्हणजे अडचण मांजरीची नाही, जागेची आहे. मसलकनुसार बारकावे थोडे वेगळे असतात, ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

उपाशी मरेल अशा ठिकाणी पाळीव प्राणी सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

पिलू हे कसे शिकते?

पाळीव मांजरीचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले रानमांजर. भुसभुशीत माती उकरून घाण झाकणे हे तिच्या रक्तातच आहे. पहिले तीन आठवडे आई चाटून पिलाला शी-शू करवते. तीन-चार आठवड्यांनंतर पिलू स्वतः जागा शोधू लागते. तेव्हा आपण जागा दिली नाही तर ते कुंडीतली माती किंवा गव्हाच्या पोत्यामागचा कोपरा निवडते. आईजवळ आठ आठवडे राहिलेले पिलू तिचे बघून लवकर शिकते, त्यामुळे त्याआधी त्याला तोडू नये.

ट्रे आणि वाळू

1. ट्रे उथळ हवा. लहान पिलासाठी दोन-तीन इंच काठ पुरे. जुनी प्लास्टिकची परात चालते.
2. जागा शांत, पण पिलाला सहज पोचता येईल अशी. खाण्या-पिण्याच्या भांड्यांपासून आणि नमाजच्या जागेपासून लांब. बाथरूमचे दार बंद राहत असेल तर तिथे ट्रे ठेवून उपयोग नाही.
3. जितकी मांजरे, त्यापेक्षा एक ट्रे जास्त. दोन पिले असतील तर तीन.
4. आत दीड-दोन इंच वाळू. बांधकामाची वाळू चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवली तरी काम भागते. पावसाळ्यात ती ओली राहून वास मारते, तेव्हा फाडलेले वर्तमानपत्र किंवा लाकडाचा भुसा घ्यावा.

दुकानातले तयार 'कॅट लिटर' ही कल्पना 1947 ची. अमेरिकेत एडवर्ड लोव यांनी शेजारणीला राखेऐवजी वापरायला एक शोषक माती दिली. ती माती म्हणजे आपल्या ओळखीच्या मुलतानी मातीचाच प्रकार. आज मिळणारे गोळे होणारे लिटर मात्र लहान पिलांना देऊ नये. ती चाखून बघतात आणि पोटात गोळा होऊ शकतो. चार महिन्यांपर्यंत साधेच बरे.

रोजचा क्रम

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिलाला उचलून ट्रेमध्ये ठेवा. हवे तर बोटाने वाळू उकरून दाखवा. त्याचा पंजा धरून जबरदस्ती करू नका. जमले की शाबासकी द्या. सुरुवातीला त्याला एकाच खोलीत ठेवा. सगळे घर मोकळे दिले की ट्रे सापडत नाही. चुकले तर मारू नका, नाक घासू नका. त्याने पिलू फक्त भिते आणि पुढच्या वेळी कपाटामागे लपून करते.

फिनाईल नको

कपडा तीन पाण्यांनी धुऊन पिळला की नमाजसाठी पाक होतो. पण मांजरीच्या नाकाला वास येतच राहतो आणि ती पुन्हा तिथेच जाते. म्हणून धुतल्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे पाणी फिरवा किंवा मांजरांसाठीचा एन्झाइम क्लीनर वापरा. फिनाईल आणि पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी जंतुनाशके मांजरांना विषारी असतात. पंजे चाटताना ती पोटात जातात आणि पिलाचे यकृत बिघडू शकते.

घरातल्या बायका-मुलांसाठी

ट्रेमधली घाण रोज काढा. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा आजार पसरू शकतो. त्याचे जंतू बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगे होतात, म्हणून रोजची सफाई हाच मोठा बचाव. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. नंतर साबणाने हात धुवावेत. घाण पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. नाल्यात टाकू नका, तो शेवटी गोदावरीलाच मिळतो.

डॉक्टरकडे कधी?

शिकलेले पिलू अचानक बाहेर करू लागले तर तो हट्ट नसून आजार असू शकतो. गाईच्या दुधाने अनेक पिलांना जुलाब होतात. जंत हेही नेहमीचे कारण. बोका वारंवार ट्रेमध्ये बसूनही लघवी होत नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, उशीर जिवावर बेततो.

आम्ही मुलांना एक सोपी गोष्ट सांगतो: वहीच्या पानावर आठवड्याचे वार लिहा आणि ट्रे कोणी कधी साफ करायचा ते आपसात वाटून घ्या. ज्या घरात ही पाळी पाळली जाते, तिथे पिलाला सोडून देण्याची भाषा सहसा निघत नाही.