तुंबलेले पाणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या आखणीत ज्याच्या नोकरीचा बहुतेक काळ गेला, अशा माझ्यासारख्या अभियंत्याला दर पावसाळ्यात तेच प्रश्न विचारले जातात. आणि त्यांमागचा नागरिकांचा संताप सर्वथा रास्त असला, तरी त्याच्या बुडाशी असलेल्या काही समजुती वस्तुस्थितीला धरून नसल्यामुळे मागणी भलत्याच ठिकाणी होते व मूळ दुखणे तसेच राहते.

गैरसमज: नालेसफाई चोख झाली, की पाणी तुंबणार नाही.

वस्तुस्थिती: गाळ वेळेवर काढलाच पाहिजे, परंतु स्वच्छ नालाही आपल्या मापापेक्षा अधिक पाणी वाहून नेऊ शकत नाही. मुंबईतील जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी, आणि त्यातलेही निम्मेच पाणी वाहिनीत येईल, या गृहीतावर आखलेल्या होत्या. एका हेक्टराचा हिशेब केला, तर तासाभरात पडणाऱ्या अडीच लाख लिटरांपैकी सव्वा लाख लिटरांचीच ही तजवीज झाली. त्याच हेक्टरावर पुढे इमारती, डांबर आणि फरसबंदी आली, पाणी मुरायला माती उरली नाही, आणि पाऊस ताशी 50 मिलिमीटरने कोसळला, तर त्याच वाहिनीकडे पाच लाख लिटर पाणी धाव घेते. पाऊस दुप्पट झाला, पण पाणी चौपट झाले. 1985च्या पुरानंतर हाती घेतलेल्या आणि 1993मध्ये सादर झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी 50 मिलिमीटर पाऊस व सर्वच्या सर्व पाणी वाहून येणे, हे नवे माप सुचवले, त्याचे कारण हेच.

गैरसमज: समुद्र लागूनच असल्यामुळे पाणी आपोआप निघून जाईल.

वस्तुस्थिती: मुंबईचे खरे संकट येथेच आहे. याच अहवालाच्या पाहणीतील 186 पातमुखांपैकी, म्हणजे वाहिन्या जेथे समुद्रात वा खाडीत उघडतात त्या तोंडांपैकी, 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, 135 त्या पातळीच्या वर परंतु भरतीरेषेच्या खाली, आणि अवघी 6 भरतीरेषेच्या वर होती. काही पातमुखांवर झडपा बसवलेल्या असतात. ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर ढकलली जाते व प्रवाह मोकळा होतो; भरती चढू लागली, की समुद्रच तिला चौकटीवर दाबून धरतो. अशा वेळी चौकटीत एखादा नारळ वा प्लॅस्टिकचा बोळा अडकलेला असला, तर त्या फटीतून खारे पाणी उलट शहरात शिरते. आणि झडप घट्ट बसली, तरी भरती ओसरेपर्यंत पावसाचे पाणी आतच खोळंबते. म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला यांसारखी उदंचन केंद्रे उभारावी लागली. तेथील पंप भरतीच्या काळात पाणी उचलून समुद्रात टाकतात.

गैरसमज: ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस येऊन गेला; आता शंभर वर्षे चिंता नाही.

वस्तुस्थिती: या संज्ञेचा अर्थ, तेवढा पाऊस कोणत्याही वर्षी पडण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच आहे, मागच्या वर्षी पडला म्हणून यंदाची शक्यता तिळभरही घटत नाही. तीस वर्षे एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबाला असा पाऊस निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे 26 टक्के ठरते. शिवाय पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही: 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्याच अवधीत कुलाब्याला 75 मिलिमीटरही झाला नाही. शहराची एक सरासरी काढून कोणत्याही नाल्याचे माप ठरवता येत नाही.

गैरसमज: नाला सरळ करून काँक्रीटच्या भिंती बांधल्या, की काम फत्ते.

वस्तुस्थिती: त्यामुळे वरच्या वस्तीचे पाणी खालच्या वस्तीत अधिक लवकर व एकाच वेळी पोहोचते. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे 18 किलोमीटर वाहणाऱ्या मिठी नदीच्या काठच्या पाणथळ जमिनी भरावाखाली गेल्या, तेव्हा पुराने पसरायची जागाच नाहीशी झाली. वाहिनीइतकीच गरज पाणी काही तास थोपवण्याच्या जागेची असते. हिंदमाता हा मुंबईतील चहूबाजूंच्या वस्तीपेक्षा सखल भाग. तेथे साचणारे पाणी पंपाने खेचून साठवावे आणि भरती उतरल्यावर सोडावे, यासाठी जवळच्या उद्यानाच्या व मैदानाच्या पोटात टाक्या बांधल्या, त्या याच विचाराने.

गैरसमज: मॅनहोलचे झाकण उघडले, की रस्त्यावरचे पाणी उतरते.

वस्तुस्थिती: खालची वाहिनी आधीच तुडुंब असेल, तर झाकण उघडून थेंबभरही पाणी कमी होत नाही, मात्र गढूळ पाण्याखाली न दिसणारे ते तोंड चालत्या माणसाचा जीव घेऊ शकते. हे काम प्रशिक्षित कामगारांनी, कठडा व निशाण लावून करावयाचे आहे.

पाणी नाहीसे करण्याची विद्या कोणत्याही अभियंत्यापाशी नाही; ते केव्हा आणि कोठे थांबेल, एवढेच ठरवणे त्याच्या हाती असते. म्हणून गाळाचे वजन विचारणाऱ्या नागरिकांनी, आपल्या हद्दीतील वाहिनी ताशी किती पावसासाठी बांधली आहे, आणि भरतीच्या वेळी हे पाणी कोठे ठेवण्याची तरतूद आहे, हेही पालिकेला अवश्य विचारावे. आणि मैदान, तिवरे वा तलावाचा काठ बांधकामाखाली देण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा ती पाण्याचीच जागा आहे हे जाणून मुदतीत हरकत नोंदवावी.